माझा दोन दाबा

फ्रेमकाकांइतका भित्रा माणूस सबंध गल्लीत नव्हता, आणि त्यांचा धंदा काय, तर गेलेल्या माणसांच्या तसबिरी मढवण्याचा. आता याला काय म्हणावं! तसे दुकानात लग्नाचे फोटो यायचे, शाळेतली प्रमाणपत्रं यायची, कोणाच्या भाचीने काढलेलं घोड्याचं चित्र यायचं. पण दुकान चालायचं ते गेलेल्यांवर. माणूस गेला की थोड्याच दिवसांत घरचं कोणीतरी फोटो घेऊन हजर. काका तो कडेने धरून उजेडात न्यायचे आणि ‘पट्टी कोणती लावू’ एवढंच विचारायचे. कोण, कधी, कशाने, याची चौकशी कधीच नाही. लोक म्हणायचे, किती सभ्य माणूस. सभ्य कसला, घाबरायचे. संध्याकाळी वीज गेली तर आधी सगळ्या तयार फोटोंची तोंडं भिंतीकडे वळवायचे आणि मग मेणबत्ती शोधायचे.

काकू अगदी दुसऱ्या टोकाच्या. त्यांना भुताखेतांचं भारी वेड. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्या दाराआड लपून राहिल्या आणि नुसतं ‘भॉ’ म्हणाल्या, तर काकांच्या हातातली मोठी काच खाली आणि काका स्वतः पलंगावर. त्या काचेची गोष्ट पुढे जन्मभर निघत राहिली. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात,’ काकू पाहुण्यांना सांगायच्या, ‘आमच्याकडे ब्रह्मराक्षसानेच भित्र्याशी लग्न केलं.’ काका गालातल्या गालात हसायचे. त्यांना हे दरवेळी नव्याने आवडायचं.

तर अशा या जोडप्याच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी ‘मागची खोली’ नावाची मालिका लागायची. एक साधं घर, आईबाप, मुलं, आणि मागे एक खोली जी कोणी वापरत नाही. त्या खोलीत ‘ती’ आहे. कोण, ते कधीच दाखवलं नाही. किंचाळ्या नाहीत, रक्त नाही, नुसती चाहूल. आणि भागांची नावं तर अशी की वाण्याच्या दुकानात बसून ठेवली असावीत: ‘ओला टॉवेल’, ‘दार लोटून घे’, ‘माझी उशी कुठाय’. एक भाग संपला की पुढच्या भागाचं नाव काळ्या पडद्यावर यायचं, आणि मग आठवडाभर या दोघांचं तेवढंच चालायचं. टॉवेल कोणाचा? ओला कशाने? ज्याचा अंदाज चुकेल त्याने चहा करायचा. चहा बहुतेक काकाच करायचे.

काकूंचा एक नियम होता. नावातली वस्तू शेवटच्या दृश्याच्या आधी दिसता कामा नये. दिसली तर लेखकाने लबाडी केली असं समजावं. काकांना हा नियम पडताळून बघायला मिळायचा नाही, कारण ते तोंडासमोर उशी धरून बसायचे आणि मधूनमधून विचारायचे, ‘गेली का?’ काकू गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, ‘गेली, बघा आता.’ काका उशी खाली घ्यायचे, आणि ती गेलेली नसायची.

मग एके दिवशी ध्यानीमनी नसताना घरी डबी आली. कोण किती टीव्ही बघतं हे मोजणारी एक संस्था असते, तिने काही घरं निवडली होती, त्यात चिठ्ठीसारखं यांचं घर निघालं. टीव्हीशेजारी एक छोटी डबी आणि तिचा वेगळा रिमोट. त्यावर घरातल्या प्रत्येक माणसाचं एक बटण. काका एक, काकू दोन. टीव्ही लावला की डबीवर लाल दिवा लुकलुकायचा. कोण बसलंय ते विचारायचा. आपापलं बटण दाबलं की आपला आकडा हिरवा. महिन्यातून एकदा फोन येणार आणि एक बाई विचारणार, घरात किती माणसं, काही बदल आहे का. आणि एक सक्त ताकीद: घरात डबी आहे हे कोणालाही, अगदी शेजाऱ्यांनाही, सांगायचं नाही.

काकांना हे लचांड वाटलं. काकू मात्र हरखल्या. ‘आजवर मला कोणी काही विचारलंय का?’ त्या म्हणाल्या. ‘वडिलांनी विचारून लग्न ठरवलं नाही, सासूबाईंनी विचारून भाजी केली नाही, लेकाने विचारून सून आणली नाही. ही डबी बघा, रोज विचारते.’ त्यांनी डबीखाली विणलेला रुमाल घातला. बसवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की तुमच्या एका बटणामागे हजारो बायका धरल्या जातात. ते तर काकूंनी असं जपून ठेवलं की काका कधी चढ्या आवाजात बोलले तर म्हणायच्या, ‘जरा बेताने. मी एकटी नाहीये, माझ्यामागे हजारो उभ्या आहेत.’

आता गंमत अशी, की मालिका सुरू व्हायच्या वेळी काकू नेमक्या स्वयंपाकघरात. हात ओले, गॅसवर काहीतरी. तिथूनच त्यांची हाक यायची, ‘अहो, माझा दोन दाबा!’ काका एक दाबायचे आणि लगेच दोन. ही दोघांची रीतच पडली. दुपारी काका दुकानात असताना काकू एकट्याच टीव्ही लावून स्वतःचं स्वतः दाबायच्या, तेवढंच. पण संध्याकाळचा दोन काकांच्याच बोटाचा.

एकदा मात्र वेगळंच झालं. ‘तिसरा कप’ नावाचा भाग होता आणि तो मेला कप पहिल्याच दृश्यात टेबलावर दिसला. काकूंचं टाळकंच सरकलं. ‘काढा माझा दोन,’ त्या म्हणाल्या. काका म्हणाले, अगं पण तू बघतेयस की. ‘बघणं वेगळं आणि मोजून घेणं वेगळं. मला आवडलं नाही ते माझ्या नावावर नको. काढा.’ काकांनी काढला. तो भाग काकूंनी शेवटपर्यंत पाहिला, पण हजारो बायकांना घेऊन बाजूला बसून.

इकडे दुकानातही मालिकेचं वेड कमी नव्हतं. शेजारच्या औषधांच्या दुकानाची मालकीण, जिला सगळे औषधवाली म्हणायचे, आणि गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, हे दोघे गुरुवारी न चुकता फ्रेमकाकांच्या बाकावर. गुरुवारी आकडे यायचे. औषधवाली फोनवर बघून टीआरपी वाचून दाखवायची, मास्तर मागच्या आठवड्याशी ताडून बघायचे, आणि मग नावावरून भांडण. मास्तरांचं म्हणणं, नाव जेवढं साधं तेवढा आकडा चढतो, ‘ओला टॉवेल’ला बघा कसा चढला. औषधवाली म्हणायची, टॉवेलचं काही नाही, त्या दिवशी दुसरीकडे क्रिकेट नव्हतं. सापमुंगसासारखे भांडायचे आणि एकाच किटलीतला चहा प्यायचे.

आकडा उतरला की औषधवाली त्या डब्या असलेल्या घरांच्या नावाने बोटं मोडायची. कोण असतात ही माणसं, मी तर आजवर एक पाहिला नाही, भेटला तर कान धरून टीव्हीपुढे बसवीन. त्या वेळी फ्रेमकाका खाली वाकून खिळे निवडत असायचे. घरी जाऊन ते काकूंना सगळं सांगायचे, आणि काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. ‘तिला म्हणावं, माझा कान धर,’ त्या म्हणायच्या.

काकूंचं दुखणं आधी किरकोळ वाटलं. ताप आला, गेला, पुन्हा आला. मग एका सकाळी त्यांना श्वास पुरेना. औषधवालीनेच गाडी बोलावली, तीच काकूंना धरून बसणार होती. काकांनी कपडे, कागद घ्यायचे, घराला कुलूप लावायचं आणि मागून यायचं, असं ठरलं. कागद मिळाले, पिशवी मिळाली, किल्ली मिळेना. दारातून काकू वळल्या. दम लागला होता तरी नेहमीसारखं म्हणाल्या, ‘येते हं.’

आपल्याकडे घरातून निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. येते म्हणायचं, आणि घरातल्याने ‘ये’ म्हणायचं. भाजी आणायला निघालं तरी. काकूंनी त्या घरातून हजारदा ‘येते’ म्हटलं असेल आणि काकांनी काच कापता कापता, दाढी करता करता हजारदा ‘ये’ म्हटलं असेल. त्या दिवशी ते म्हणाले, ‘किल्ली कुठाय?’

किल्ली त्यांच्याच खिशात होती. ते दवाखान्यात पोचले तेव्हा काकूंना आत नेलं होतं, तोंडात नळी होती. काकू पुन्हा बोलल्या नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोशी बोललेलं शेवटचं वाक्य ‘किल्ली कुठाय’ असावं, यासारखं दुर्दैव नाही. काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

लेक आला, सून आली, आले तसे परत गेले. जाताना लेकाने आईचा एक चांगला फोटो निवडून काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, बाबा, हा फ्रेम करा. काका हो म्हणाले. मग लेकाचा फोन आला की ते सांगायचे, काच आली नाही. सगळ्या गल्लीच्या फोटोंना काच होती, एका काकूंच्या फोटोलाच नव्हती. लेकाला कळत होतं. तो पुन्हा विचारायचा आणि काका पुन्हा तेच सांगायचे.

घर रिकामं झालं त्यानंतरचा पहिला बुधवार. काकांनी टीव्ही लावला तो केवळ घरात आवाज हवा म्हणून. लाल दिवा लुकलुकू लागला. काकांनी एक दाबलं, आणि बोट आपलं आपण पुढे गेलं, दोन दाबून मोकळं झालं. डबीवर दोन्ही आकडे हिरवे. काका बघत राहिले. दोन काढायला त्यांनी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. काढायचा कसा? गल्लीला माहीत होतं काकू नाहीत, दवाखान्याला माहीत होतं, लेकाला माहीत होतं. दूधवाल्याने दुधाची पिशवी एक केली होती. साऱ्या जगात ही एकच जागा उरली होती जिथे काकू अजून त्या घरात राहत होत्या, आणि ती जागा बंद करायचं बटण काकांच्या हातात होतं.

महिन्याने फोन आला. घरात किती माणसं?

‘दोन,’ काका म्हणाले.

काही बदल? नाही, काही बदल नाही. फोन ठेवल्यावर त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी एक आणि दोन. उशी आता कोपऱ्यात पडून असायची. काकांची भीती गेली होती म्हणाल तर गेली होती, पण ती शूरपणाने गेली नव्हती. आता त्यांना वाटायचं, भूत असतं तर किती बरं झालं असतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे अर्धं तोंड करून बसायचे. दाराआडून कोणी ‘भॉ’ म्हणावं म्हणून ते बसल्या बसल्या कान द्यायचे. जन्मभर ज्याला घाबरले ते आता मागून घ्यायला निघाले होते, आणि ते येत नव्हतं. टॉवेल ओला व्हायचा तो त्यांनी स्वतः अंग पुसलं तरच.

मालिकेचेही दिवस फिरले. आधी आकडा थोडा उतरला, मग आणखी उतरला. तो वर काढायला वाहिनीने भलतेच उद्योग सुरू केले. त्या खोलीतल्या ‘ती’ला तोंड दिलं, दागिने घातले, एका भागात तर नाचवली. औषधवालीने कपाळावर हात मारून घेतला. मास्तर म्हणाले, न दिसणारी बाई दिसली तिथेच मालिका मेली. शेवटी वाहिनीने ती बुधवार संध्याकाळवरून उचलून रविवारी दुपारी टाकली. दुपारी जेवून सुस्तावलेल्या वेळी भूत! मास्तर म्हणाले, भुतालाही त्या वेळी वामकुक्षी लागते. हसले सगळे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

काका त्या नाचाच्या भागालाही एक आणि दोन दाबून बसले होते. आकडा वाढावा म्हणून. दोन बटणं म्हणजे केवढी माणसं, काकांच्या घरची डबी माहीत नसतानाही मास्तरांनीच एकदा हिशेब करून दाखवला होता. मालिका टिकली तर बसणं टिकेल, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. ती बंद पडली तर दोन दाबायचा कशासाठी?

आणि एका गुरुवारी औषधवाली दुकानात आली आणि तिने हातातला फोनच काकांपुढे धरला. मालिका बंद. आकडा वाहिनीने ठरवलेल्या किमान रेषेखाली गेला होता, तोही अगदी केसाने. आता एकच भाग उरला होता आणि त्याचं नाव जाहीर झालं होतं: ‘येते’.

मास्तर आणि औषधवाली यांचं शेवटचं भांडण या नावावरून झालं. औषधवालीचं म्हणणं, येते म्हणजे ती येते. एवढे भाग मागच्या खोलीत राहिली, आता पुढे येणार, सगळ्यांना धरणार. मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही मराठी शाळेत शिकलात ना? निघणारी बाई काय म्हणते? येते म्हणजे ती जाते, घर सोडून जाते, म्हणून तर शेवटचा भाग. औषधवाली म्हणाली, मग ‘जाते’ ठेवलं असतं. मास्तर म्हणाले, तसं कोण म्हणतं का? दोघांनी काकांकडे बघितलं. काकू असत्या तर त्यांनी निकाल दिला असता, हे तिघांच्याही मनात आलं. काका काच कापायचा हिरा काचेवर ओढत होते. हात मध्येच थांबला आणि काच वाकडी तुटली.

शनिवारी सकाळी घराचं दार वाजलं. डबीच्या संस्थेची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. फोनवरून समाधान झालं नाही, म्हणून प्रत्यक्ष बघायला पाठवलंय, असं ती म्हणाली. काकांनी तिला बसवलं, पाणी दिलं. तिने डबी तपासली, वायर तपासली. मग जरा अवघडून विचारलं, काकू घरी नसतात का दुपारच्या?

काका म्हणाले, का?

तिने सरळ सांगितलं. पूर्वी दोन नंबर दुपारी एकटा लागायचा. बऱ्याच दिवसांपासून तो एकटा कधीच लागत नाही. एकच्या पाठोपाठ लागतो आणि एकबरोबरच जातो. एका दिवशी तर टीव्ही दुपारपासून सुरूच होता आणि तेवढा वेळ दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत. त्या दिवशी काका खुर्चीतच झोपले होते. असं दिसलं, ती म्हणाली, की यंत्राला संशय येतो. मग चौकशी होईपर्यंत त्या घराचा आकडा धरत नाहीत.

‘दोनचा?’

‘नाही काका. सगळ्या घराचा.’

‘म्हणजे माझाही नाही?’

‘नाही. बरेच आठवडे झाले.’

आकडा केसाने खाली गेला होता. हे घर धरलं असतं तर वाचली असती का मालिका? त्यांनी विचारलंसुद्धा. मुलगी म्हणाली, एका घराने एवढं होत नाही काका. तिने ते मायेने म्हटलं, आणि ते खरं की खोटं हे काकांना कधीच कळणार नव्हतं. ज्या बटणाने वाचवायला गेले त्याच बटणाने घर पुसून टाकलं होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, दुसरं काय!

‘म्हणजे आम्ही दोघंही नव्हतो,’ काका म्हणाले.

मुलीने खोलीभर नजर फिरवली. एकच कप, एकच चष्मा, दाराशी एकाच मापाच्या चपला. तिला समजलं असणार, पण ती तसं बोलली नाही. ती म्हणाली, मी फक्त विचारणार आणि तुम्ही सांगाल ते लिहिणार. दोन म्हणालात तर दोन लिहीन. मग वरचे लोक बघतील, पुढे कधीतरी डबी काढून नेतील. तोवर आहे तसंच राहील. तिने पिशवीतून पेन काढलं.

‘दोन’ काकांच्या अगदी ओठांवर होतं. उद्या शेवटचा भाग. निदान उद्यापुरते दोन्ही आकडे हिरवे राहिले असते, मोजले नसते तरी. कोणाचं काय बिघडत होतं? पण डबीकडे बघता बघता त्यांना तो विणलेला रुमाल दिसला आणि ‘तिसरा कप’चा दिवस आठवला. मला आवडलं नाही ते माझ्या नावावर नको. आणि आपण काय केलं होतं? नाचाला दोन, दागिन्यांना दोन, रविवारच्या दुपारच्या त्या सगळ्या भिकार भागांना दोन. ती असती तर कधीच उठून म्हणाली असती, काढा. जन्मभर तिला कोणी विचारलं नाही. विचारणारी एक डबी मिळाली, तर तिच्या तोंडचं उत्तर नवराच देऊन बसला, न विचारता, सासूबाईंसारखा. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तोंड फिरवलं.

‘घरात किती माणसं?’ मुलीने हळूच विचारलं.

‘एक,’ काका म्हणाले.

हा शब्द त्यांनी आजवर कोणापुढे उच्चारला नव्हता. म्हणून झाल्यावर ते रडले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत रडले, आणि मुलगी पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मग तिने डबीचं काम केलं. जाताना दारात वळून म्हणाली, ‘येते काका.’ काकांनी मान हलवली.

रविवारी दुपारी त्यांनी टीव्ही लावला. लाल दिवा लुकलुकला. त्यांनी एक दाबलं. सवयीने बोट पुढे गेलं, दोनवर टेकलं, दाबलंही. काही लागलं नाही. हिरवा एक तेवढा राहिला.

भाग मात्र चांगला होता. कोणीतरी शहाण्याने शेवटी लिहिला असावा. नाच नाही, दागिने नाहीत, ‘ती’ पुन्हा दिसेनाशी झालेली. घरातली माणसं घर सोडून दुसरीकडे राहायला निघालेली असतात. खोके बांधले जातात, गाडी दाराशी येते, पोरं उड्या मारत बाहेर जातात, बाप कुलूप शोधतो. सगळा भाग असा गेला तरी ‘येते’ कोणी म्हणेना. काकूंचा नियम पाळला होता. अगदी शेवटी घरातली आई एकटी मागे राहते. रिकाम्या घरातून चालत मागच्या खोलीच्या दाराशी येते, जरा थांबते आणि आतल्या अंधाराला म्हणते, ‘येते हं.’

औषधवालीही चुकली होती आणि मास्तरही. येणारी भूत नव्हती आणि जाणारीही भूत नव्हती. निघाली होती ती जिवंत बाई.

मग आतून, अगदी बारीक आवाजात, उत्तर आलं. ‘ये.’

त्या दुपारी ज्या घरांत ही मालिका लागली असेल त्या घरांत लोकांच्या अंगावर काटा आला असेल. काका मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. पडद्यावर नावं सरकत होती, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, आणि त्यांना ती सकाळ दिसत होती. दारातून वळलेली बायको, तिला लागलेला दम, आणि आपण पिशव्या उलट्यापालट्या करतोय.

‘ये,’ काका म्हणाले. ‘ये गं.’

दाराआडून कोणी काही बोललं नाही. काकांनी टीव्ही बंद केला.

सोमवारी सकाळी औषधवाली आणि मास्तर गुरुवारची वाट न बघता दुकानात आले. शेवटच्या भागाचा आकडा काय येईल, त्या ‘ये’ला आवाज कोणाचा होता, नाव किती चपखल ठेवलं होतं, यावर दोघं एकदम बोलत होते आणि पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत होते. काका काच कापत होते. समोर काकूंचा फोटो होता आणि पट्टीचे चार तुकडे कोन साधून ठेवलेले. औषधवालीचं लक्ष गेलं तशी ती बोलायची थांबली. मग मायेने म्हणाली, ‘काकूंना फार आवडला असता हो हा भाग. नाही का?’

काकांनी काचेची कड अंगठ्याने तपासली.

‘मला आवडला,’ ते म्हणाले. ‘तिचं मला नाही सांगता यायचं.’

आणि त्यांनी काच फोटोवर ठेवली.